शरदिनीताई आणि न उठणारा लॅपटॉप

माझ्या नणंदेला, शरदिनीताईंना, जन्मापासून दिसत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना ते मध्येच कळलं की ते हळहळायला लागतात आणि पुढची गोष्ट राहूनच जाते. ताई एकावन्न वर्षांच्या आहेत. बनारसमध्येच मुलींच्या एका इंटर कॉलेजात अकरावी-बारावीला संस्कृत शिकवतात, त्याला आता बावीस वर्षं झाली. लग्न केलं नाही. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत आम्ही तिघं राहतो: ताई, त्यांचा धाकटा भाऊ ढुंढिराज, म्हणजे माझा नवरा, आणि मी. ढुंढिराज रेल्वेत आहे, मुगलसरायला. सकाळी आठला जातो तो संध्याकाळी दिवेलागण उलटून गेल्यावर येतो. दिवसभर घरात मी, आणि तीननंतर ताई.

मी मध्य प्रदेशातल्या सागरची. लग्न होऊन इथे आले तेव्हा वाटलं होतं, ताईंना माझी मदत लागेल. मी फार उत्साहाने सुरुवात केली. जिन्यावर हात धरायचा, ताटात काय कुठे वाढलंय ते सांगायचं, त्यांचं कपाट आवरून द्यायचं. आठव्या दिवशी त्या म्हणाल्या, "वैदेही, तू कपाट आवरलंस आणि मला माझी एक साडी सापडत नाहीये. हात धरू नकोस, आवरू नकोस. मला लागेल तेव्हा मी मागेन." आवाजात राग नव्हता, तरी मला लागलं. चौदा वर्षं झाली त्याला. तेवढ्या वर्षांत त्यांनी काही मागितलं नाही.

त्यामागचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं, तेही ढुंढिराजकडून. बी.ए.च्या परीक्षेला ताईंना लेखनिक मुलगी मिळाली होती. ताई सांगणार, तिने लिहायचं. बिचारीला संस्कृतचा गंध नव्हता. ताईंनी संधीचं उदाहरण सांगितलं, 'विष्णो अव'. तिने लिहिलं, 'विष्णो अब'. तीन तास असंच चाललं. व्याकरणाच्या पेपरात ताईंना शंभरात अडतीस गुण पडले. अख्ख्या वर्गाला व्याकरण समजावणाऱ्या मुलीला अडतीस. त्या दिवसापासून दुसऱ्याच्या हाताने लिहायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. पुढे कॉम्प्युटर आला, पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारा बोलका प्रोग्राम आला, आणि ताई स्वतःच्या हाताने लिहायला लागल्या. देवनागरी टाइपिंग त्यांचं माझ्यापेक्षा तिप्पट वेगाचं आहे.

लॅपटॉपवर त्या विंडोजऐवजी लिनक्स वापरतात. "ते फुकट आहे, कुणीही उघडून दुरुस्त करू शकतं," त्या म्हणतात, "आणि काही बिघडलं तर जगात आपल्या आधी कुणीतरी त्याच बिघाडापायी रडलेलं असतं. त्याचं रडणं शोधायचं, उपाय तिथेच असतो."

गेल्या ऑगस्टमध्ये त्यांचा जुना लॅपटॉप गेला. सिगरा भागातल्या एका दुकानातून त्यांनी दुसरा घेतला, वापरलेला पण चांगल्या स्थितीतला. लिनक्स स्वतःच घातलं. सगळं मजेत चालायचं, एक गोष्ट सोडून. झाकण मिटलं की तो झोपायचा, ते बरोबर. पण झाकण उघडलं की कधी उठायचा, कधी उठायचाच नाही.

आपल्यासारख्याला काळा पडदा दिसतो, आपण समजतो की अटकला. ताईंना नुसती शांतता. मशीन मेलंय, की जिवंत आहे पण त्याचा आवाज बसलाय, की पडद्यावर काही सूचना आली आहे आणि ती बोलून दाखवली गेली नाही, काहीच कळायला मार्ग नाही. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं आणि पुन्हा सुरू करायचं. न साठवलेलं सगळं जायचं.

"मग मिटूच नका ना झाकण," ढुंढिराज एकदा जेवताना म्हणाला. "पूरा बंद करून न्या, तिथे चालू करा."

"चाळीस मिनिटांचा तास," ताई म्हणाल्या. "वर्ग चार, मजले दोन. चालू करून, सगळ्या फाइली उघडून, जिथे होते त्या ओळीवर ऐकत ऐकत पोचायला सात मिनिटं लागतात. तू नजर टाकून पोचतोस. मला नाही पोचता येत."

नोव्हेंबरच्या शेवटी ते दोनदा पाठोपाठ झालं. पहिल्यांदा बारावीच्या वर्गात. ताईंनी टेबलावर झाकण उघडलं आणि वाट पाहिली. पंचेचाळीस मुली गप्प. शेवटी पहिल्या बाकावरची एक म्हणाली, "मिस, स्क्रीन काली है." ताईंनी झाकण मिटलं आणि तास तोंडी घेतला. त्यांना ते सगळं पाठच आहे. दुसऱ्यांदा मात्र सहामाहीची प्रश्नपत्रिका गेली. स्टाफरूममध्ये बसून त्यांनी दीड तास ती लिहिली होती, साठवायची राहिली, घंटा झाली म्हणून झाकण मिटलं. उघडलं तेव्हा शांतता.

त्यांच्या प्रिन्सिपल मॅडम मनाने चांगल्या आहेत. त्यांनी ताईंना बोलावून चहा पाजला आणि म्हणाल्या, "शरदिनी जी, क्यों परेशान होती हैं? बारहवीं साइंस की एक लड़की बैठा देते हैं आपके साथ. आप बोलिए, वो लिख देगी. सोमवार को पेपर छपने जाएगा."

ताई घरी आल्या त्या थेट खोलीत गेल्या. मी चहा नेऊन दिला, तर खाटेवर बसल्या होत्या, लॅपटॉप मांडीवर, मिटलेला. तो गुरुवार होता.

"मी सोमवारपर्यंत वेळ मागून घेतलाय," त्या म्हणाल्या. "पेपर काय, फोनवरही लिहीन. पण मॅडमनी मुलगी ठरवली की ती कायमची ठरली. पुढच्या तिमाहीत मला कोण विचारणार, तुम्हाला ती हवी आहे का म्हणून?"

मी कप ठेवून निघाले, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "वैदेही, जरा थांब. मला एक गोष्ट बघून सांगशील?"

मी दारातच थबकले.

"मी याला झोपवते आणि उठवते. नाही उठला तर कॅप्स लॉकची कळ दाबीन. तिथे छोटा दिवा असतो. कळ दाबल्यावर तो लागतो का आणि परत दाबल्यावर विझतो का, एवढंच सांगायचं. काय करावं ते सांगू नकोस. फक्त बघ."

चौथ्या खेपेला तो उठला नाही. ताईंनी कळ दाबली, सोडली, दाबली, सोडली. दिवा लागला नाही.

"नाही लागत," मी म्हटलं.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही, ताई."

"छान!" त्या म्हणाल्या. मला काही कळेना यात छान काय. त्यांनी समजावलं. दिवा लागत असता तर मशीन जिवंत आहे आणि फक्त पडदा किंवा आवाज अडलाय, असा अर्थ झाला असता. दिवाच लागत नाही म्हणजे मुळातच थिजलंय. "तीन महिने मी आवाजाच्या मागे लागले होते. आवाजाचा दोष नाहीच."

त्यांनी बटण दाबून धरलं, लॅपटॉप पुन्हा चालू केला आणि मागच्या वेळची नोंदवही वाचायला लावली. लिनक्स आपण काय काय केलं ते ओळीओळीने लिहून ठेवतं. बोलका प्रोग्राम भराभरा वाचत होता, इतक्या वेगाने की मला त्यातला एक शब्द कळला नाही. ताई मान किंचित कलती करून ऐकत होत्या. शेवटची ओळ झोपायला निघाल्याची होती. त्यापुढे काही नाही.

शुक्रवारी कॉलेजातून आल्या त्या सरळ कामालाच लागल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक बदलाची नोंद जुन्या कॅलेंडरच्या जाड पानावर ब्रेलमध्ये टोचायची. पहिल्यांदा त्यांनी लिनक्सचा गाभा जुना घालून पाहिला. तिसऱ्यांदाच अटकला. मग झोपण्याआधी वायफाय बंद करून पाहिलं. एकदा उठला, दोनदा उठला, पाच, सहा, सात, आठ. मी स्वयंपाकघरातून मोजत होते. आठव्याला ताई ओरडल्या, "वैदेही, धरला वाटतं चोराला!" मी हात पुसत धावत आले. नवव्या वेळी झाकण उघडलं आणि शांतता.

ताईंनी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून बसल्या. त्यांना तसं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "खिचडी टाक. मी तोवर पत्र लिहिते."

अंध लिनक्सवाल्यांचा ईमेलवर एक पत्रगट आहे. एकाने लिहिलं की ते सगळ्यांना जातं. ताईंनी सगळं लिहिलं: मॉडेल, दिवा, शेवटची ओळ, आठ वेळा उठून नवव्यांदा अटकणं. आम्ही जेवत होतो तेवढ्यात कोल्हापूरच्या ऋतुराज नावाच्या माणसाचा आवाजी निरोप आला. तोही अंध, सॉफ्टवेअरच्या कामात. ताईंनी निरोप मोठ्याने लावला.

"शरदिनीताई, नमस्कार. तुम्ही फार नीट लिहिलंय, त्यामुळे लगेच सांगता येतंय. झोपेचे दोन प्रकार असतात. एक हलकी डुलकी, त्यात मशीन अर्धवट जागं असतं. एक गाढ झोप. तुमच्या मॉडेलला डुलकीतून उठताना अटकायची खोड आहे, आमच्या गटात आणखी दोघांना तोच त्रास होता. गाढ झोप दिली की थांबतं. पण तुमच्याकडे ती बंद करून ठेवलेली असणार. ती चालू करायची जागा लिनक्समध्ये नाही, बायॉसमध्ये आहे; 'पॉवर'मधल्या 'स्लीप स्टेट'ला लिनक्स निवडायचं. आणि बायॉस," इथे तो जरा हसला, "आपल्याशी बोलत नाही. कुणीतरी डोळस माणूस शेजारी बसवा."

ढुंढिराजने घास तोंडातच धरून ताईंकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं.

बायॉस म्हणजे लिनक्स जागं होण्याच्याही आधी मशीनच्या पोटात जी सेटिंगची यादी असते ती. बोलका प्रोग्राम लिनक्सच्या आत राहतो, म्हणून तिथे तो नसतो. शनिवारी कॉलेजातून आल्यावर ताईंनी आधी फोनचा कॅमेरा समोर धरून पाहिला. फोन पडद्यावरचा मजकूर वाचत होता, पण सगळा एकगठ्ठा, आणि निवडीची पट्टी कुठल्या ओळीवर आहे ते काही सांगत नव्हता. पंधरा मिनिटांनी त्यांनी फोन ठेवला आणि हाक मारली.

मी खाटेवर त्यांच्या शेजारी बसले. माझे तळवे घामेजले होते. एवढं साधं काम, पण मला परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं.

"कळा मी दाबणार," ताई म्हणाल्या. "तू वाचायचं. जसं लिहिलंय तसं. काही गाळायचं नाही, काही घालायचं नाही."

"बरं."

मी पहिली यादी वाचली. त्यांनी 'पॉवर' नावाच्या ओळीवर एंटर दाबलं. दुसरी यादी आली, ती वाचली. पाचवी ओळ 'स्लीप स्टेट'. ताईंनी बोटावर मोजलं आणि खालच्या बाणाची कळ चार वेळा दाबली. मग एंटर. एक छोटी चौकट उघडली. मी वाचायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की चौकट भलत्याच ओळीची आहे. पट्टी सहाव्या ओळीवर होती.

"ताई, थांबा! काही दाबू नका."

त्यांचं बोट कळेवर तसंच राहिलं.

"हे ते नाहीये. आपण एक ओळ पुढे आलोय."

"तू ओळ गाळलीस?"

"नाही. मी सगळ्या वाचल्या." मी पुन्हा नीट पाहिलं. "यातली एक नुसतं शीर्षक आहे, ताई. फिकट रंगात. पट्टी तिच्यावर थांबत नसणार, उडी मारून पुढे जात असणार. मी तीही मोजणीत वाचली."

मला वाटलं, झालं, विष्णो अब. पण ताई हसायला लागल्या, अगदी मोकळ्या. "मग चूक माझी. मी तुला जसं लिहिलंय तसं वाच म्हटलं. तू तसं वाचलंस. मी विचारायला हवं होतं पट्टीचं." त्यांनी एस्केप दाबलं. "आता असं करू. मी एकदा दाबीन, तू पट्टी कुठे आहे ते सांग. बस्स."

मग सोपं झालं. बाण, ओळ. बाण, ओळ. 'स्लीप स्टेट' आली. एंटर. चौकटीत दोन नावं: विंडोज आणि लिनक्स. पट्टी विंडोजवर.

"विंडोजवर आहे."

बाण.

"लिनक्सवर."

एंटर. साठवायची कळ. "बदल साठवायचे का, हो किंवा नाही. पट्टी 'हो'वर आहे," मी सांगितलं. ताईंनी श्वास घेतला आणि एंटर दाबलं. पडदा काळा झाला, पंखा घुमला, आणि अर्ध्या मिनिटाने बोलक्या प्रोग्रामचा तो नाकातला आवाज आला. मला तो आवाज कधी आवडला नव्हता, पण त्या दिवशी ऐकताना फार बरं वाटलं.

ताईंनी आधी तपासलं की गाढ झोप आता यादीत दिसते का. दिसत होती, आणि निवडलेलीही होती. पण नवव्यांदा अटकणं त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी चार ओळींचा एक छोटा प्रोग्राम लिहिला: मशीनने झोपावं, तीस सेकंदांनी आपणहून उठावं, कितव्यांदा उठलं तो आकडा मराठीत बोलावा, पुन्हा झोपावं. असं शंभर वेळा.

"एक," लॅपटॉप म्हणाला.

मी कोथिंबीर निवडायला घेतली. ताई खिडकीशी बसल्या. आकडे येत राहिले. नऊ आला तेव्हा माझे हात थांबले. मग दहा आला. वीसच्या सुमाराला ढुंढिराज आला, शनिवारी तो लवकर सुटतो. त्याला बोलू दिलं नाही. तोही चपला काढून पायरीवर टेकला. चाळीस. पन्नास. शेजारच्या घरी कुणीतरी कुकर लावला, त्याच्या शिट्टीत त्रेपन्न बुडाला आणि आम्ही तिघंही दचकलो. मग चोपन्न ऐकू आला.

सत्तरनंतर मी पाहिलं तर ताई खिडकीच्या कठड्याला डोकं टेकून झोपल्या होत्या. गुरुवारपासून त्यांना झोप नव्हती. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सुटलेले. ढुंढिराजने उठून त्यांच्यावर शाल घातली. ताईंना ते जागेपणी चाललं नसतं.

शंभर झाले तेव्हा आम्ही त्यांना उठवलं नाही. आपणच जाग्या झाल्या आणि पहिलं विचारलं, "कितीला थांबला?"

"थांबला नाही," मी म्हटलं. "शंभर पुरे झाले."

मग म्हणाल्या, "देवा." एवढंच. आणि माझा हात शोधून धरला.

रविवारी त्यांनी प्रश्नपत्रिका पुन्हा लिहिली. पहिल्यापेक्षा चांगली झाली, म्हणाल्या, कारण एक प्रश्न फार सोपा होता तो बदलता आला. सोमवारी ती मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी विचारलं, "तो लड़की रहने दें?" ताई म्हणाल्या, "रहने दीजिए. बारहवीं में पढ़ाई बहुत है, वो पढ़े." त्यानंतर जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, लॅपटॉप एकदाही अटकला नाही. चार्जही जास्त टिकतो. डुलकीत असताना तो पिशवीतल्या पिशवीत गरम व्हायचा, आता थंड असतो. मुलींना यातलं काही ठाऊक नाही. त्यांच्या दृष्टीने मिस झाकण उघडतात आणि शिकवायला लागतात.

ताईंनी पत्रगटावर सगळा उपाय सविस्तर लिहिला. फिकट शीर्षकाची ओळही लिहिली: पट्टी तिच्यावर थांबत नाही, मोजताना ध्यानात ठेवा. मार्चमध्ये जबलपूरहून मधुवंती नावाच्या एका मुलीचं उत्तर आलं. तिचंही मॉडेल तेच, त्रासही तोच. नोकरीसाठी एकटी राहते, वाचून दाखवायला शेजारी कुणी नाही. ताईंनी ते पत्र मला ऐकवलं आणि विचारलं, "व्हिडिओ कॉलवर वाचशील का? तिच्या कळा तीच दाबील."

मी हो म्हटलं. दुपारी तीनची वेळ ठरली. मी चष्मा पुसून बसले, ताई शेजारी. कॉल लागला.

"वैदेहीकाकू, दिसतंय ना तुम्हाला?" पलीकडून मधुवंतीने घाईघाईने विचारलं. तिच्या आवाजावरून कळत होतं, तिचेही तळवे घामेजले असणार.

"दिसतंय," मी म्हटलं, "पण सध्या तुझ्या छताचा पंखा दिसतोय. फोन थोडा खाली कर. अजून. हं, आता डावीकडे. बास. तुझी पट्टी पहिल्या ओळीवर आहे. दाब."